वॉटर पंप टिकवायचा तर कूलंट सांभाळा: जास्त चाललेल्या गाड्यांसाठी धागा

सह्यवाट (धागाकर्ता)

मंडळी, दीड-दोन लाख किलोमीटर झालेल्या गाड्यांबद्दल इथे नेहमी विचारणा होते. इंजिन ठणठणीत आहे, गाडी विकायची नाही, आता कशाकडे लक्ष देऊ? ऑइल, टायर, सस्पेन्शन यांवर भरपूर लिहून झालंय. कूलंटवर, म्हणजे वॉटर पंप इंजिनात फिरवतो त्या इंजिन गार ठेवणाऱ्या पाण्यावर, मात्र "बाटलीत हिरवं दिसतंय ना, मग झालं" याच्या पुढे चर्चा जात नाही. माझं स्पष्ट मत आहे की जुन्या गाडीचा वॉटर पंप अकाली जातो, त्यात पंपाचा दोष थोडा आणि त्यातून फिरणाऱ्या पाण्याचा जास्त असतो.

आमची गाडी २०११ची, एक लिटरची पेट्रोल हॅचबॅक. सातारा-महाबळेश्वर-पोलादपूर हा तिचा नेहमीचा रस्ता, म्हणजे आंबेनळी घाट आलाच. १,८०,००० किमीच्या पुढे मूळ पंप पाझरायला लागला आणि बदलला. जुना पंप गॅरेजमधून मागून घेतला आणि घरी आणून खोलला.

पुलीच्या मागे, बॉडीच्या खालच्या बाजूला एक छोटं भोक असतं. त्याच्याखाली पांढरट खपली धरली होती आणि तिच्यातून तांबूस ओघळ खाली गेला होता. आत सीलची काळी कार्बनची कडी. नवीन असताना ती आरशासारखी सपाट असते. हिच्यावर गोल चऱ्या पडलेल्या, नख फिरवलं की लागत होत्या. इंपेलरच्या, म्हणजे पाणी ढकलणाऱ्या चक्राच्या, पात्यांच्या कडांना सुईने टोचल्यासारखे खड्डे. बेअरिंगमध्ये ग्रीस जवळजवळ उरलंच नव्हतं, बोटाला गंजाचं पाणी लागलं.

हे सगळं एकातून एक घडत गेलेलं आहे. पंपाच्या शाफ्टवर एका टोकाला पुली, दुसऱ्या टोकाला इंपेलर, मध्ये बेअरिंग आणि सील. सीलमध्ये दोन कड्या स्प्रिंगच्या दाबाने एकमेकींवर घासत फिरतात, सहसा एक कार्बनची आणि दुसरी सिरॅमिकची. त्यांच्यामध्ये कूलंटचा अतिशय पातळ थर असतो. तोच त्यांचं वंगण आणि तोच त्यांना थंड ठेवतो. थराच्या बाहेरच्या कडेला थोडंसं कूलंट सतत वाफ होऊन जातं आणि त्यात जे विरघळलेलं असेल ते तिथेच मागे राहतं. पाणी क्षाराचं असेल तर त्या क्षाराचे कण दोन कड्यांच्या मधे सापडतात आणि चऱ्या पाडतात. सील गळायला लागलं की पाणी त्या भोकातून बाहेर यावं, बेअरिंगमध्ये जाऊ नये, म्हणून ते भोक ठेवलेलं असतं. पण गळती वाढली किंवा भोक चिखलाने बुजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरतं, ग्रीस धुऊन नेतं आणि मग आवाज सुरू होतो. आवाज ऐकू येईपर्यंत सील कधीच गेलेलं असतं.

तुम्ही कोणतं कूलंट वापरता, पाणी कोणतं घालता, किती दिवसांनी बदलता, ते लिहा. गॅरेजचा अनुभव असलेल्यांनी तर जरूर लिहा.

गॅरेज_मिरज

चांगला विषय काढलात. माझ्याकडे पंपासाठी गाडी येते तेव्हा मी आधी कूलंटच्या टाकीचं झाकण उघडून बघतो, पंपाकडे नंतर. पाणी चहाच्या रंगाचं असलं की पुढचं सगळं कळतं.

भोकाबद्दल थोडं. तिथे कोरडा, पुसट डाग दिसला तर घाबरून पंप काढू नका. नवीन पंपसुद्धा सील बसेपर्यंत एखाद-दुसरा थेंब टाकतो. डाग ओला असेल, बोटाला चिकट लागत असेल, किंवा पुसून आठवडाभरात परत आला तर मात्र पंप संपत आला समजा. आणखी एक, गरम इंजिनवर पडलेला थेंब वाळून जातो, त्यामुळे जमिनीवर काहीच दिसत नाही आणि मालक म्हणतो गळत नाही. सकाळी गाडी चालू करायच्या आधी मोबाइलचा टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन बघायचं.

दुसरी तपासणी इंजिन बंद आणि थंड असताना. पट्टा सैल करा, पुली वर-खाली आणि आत-बाहेर हलवून बघा. प्ले, म्हणजे ढिलेपणा, लागता कामा नये. हाताने फिरवताना खरखर नको. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण पट्टा बदलताना कोणी करत नाही.

कूलंट सोडून पंप मारणारं एक मोठं कारण म्हणजे पट्टा जास्त ताणणं. पट्टा किरकिर करतो म्हणून मिस्त्री टॉमी (लोखंडी दांडा) लावून ताणतो. आवाज थांबतो, पण सगळा ताण पंपाच्या आणि अल्टरनेटरच्या बेअरिंगवर जातो. किरकिरणारा पट्टा बहुतेक वेळा जुना, कडक झालेला असतो. तो बदला.

कोकणवारा

थोडं वेगळं मत मांडतो. आमच्याकडे देवरुखच्या बाजूला पूर्वी कूलंट कोणाला माहीत नव्हतं. वडिलांची जीप झऱ्याच्या पाण्यावर वर्षानुवर्षं चालली. आंबा घाट चढताना दोनदा थांबून पाणी घालायचं, एवढंच. पंप काही जात नव्हता. आता प्रत्येक गोष्टीला बाटली विकत घ्यायची. खरोखर इतका फरक पडतो का, की हा कंपन्यांचा धंदा आहे?

मृण्मयी_रसायन

कोकणवारा काका, तुमची जीप चालली यात नवल नाही. तिचं इंजिन जाड बिडाचं, रेडिएटर पितळ-तांब्याचा, आणि पाण्याच्या वाटा मोठ्या. आत गंज धरायचा, पण तो पेलायला धातू भरपूर होता. शिवाय जांभ्या दगडातलं झऱ्याचं पाणी सहसा मऊ असतं. देशावर काळ्या कातळातल्या बोअरचं पाणी घालून बघा, तीच जीप इतकी वर्षं चालली नसती.

आजच्या गाडीत सिलिंडर हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटर ॲल्युमिनियमचा आणि त्याच्या नळ्या अगदी अरुंद. पंपाची बॉडीही बहुधा ॲल्युमिनियमचीच. हा धातू स्वतःवर ऑक्साइडचा पातळ थर धरून टिकतो. पाण्यात क्लोराइड असलं की तो थर जागोजागी फुटतो आणि खड्डे पडतात. म्हणून मऊ पाणी असलं तरी नुसतं पाणी चालत नाही.

कूलंट म्हणजे काय ते एकदा नीट सांगते. मुख्य भाग इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी. ग्लायकॉलमुळे उकळबिंदू वर जातो आणि गोठणबिंदू खाली. पण ग्लायकॉल स्वतः धातूचं रक्षण करत नाही. उलट उष्णतेने आणि हवेने त्याचं हळूहळू आम्ल होत जातं. रक्षण करतात ती त्यात मिसळलेली गंजरोधक द्रव्यं, आणि ती वापरात संपत जातात. रंग मात्र तसाच राहतो. म्हणून पाच वर्षांचं हिरवंगार कूलंट आतून पार रिकामं झालेलं असू शकतं.

गंजरोधकांचे ढोबळ तीन प्रकार. जुनं हिरवं कूलंट असेंद्रिय क्षारांवर चालतं: सिलिकेट, फॉस्फेट वगैरे. हे सगळ्या धातूवर लगेच थर धरतं, पण दोन वर्षांत किंवा साधारण ४०,००० किमीत संपतं. दुसरं सेंद्रिय आम्लांवर चालणारं. ते गंज सुरू होतो तिथेच काम करतं म्हणून सावकाश संपतं आणि पाच वर्षं सहज जातं. तिसरा प्रकार दोन्हींचा संकर. यात जपानी-कोरियन आणि युरोपीय कंपन्यांच्या वाटा वेगळ्या झाल्या, आणि त्याचा पंपाशी थेट संबंध आहे. युरोपात बऱ्याच भागात नळाचं पाणी जड, त्यात फॉस्फेट घातलं की कॅल्शियमबरोबर साका बसतो. म्हणून त्यांनी फॉस्फेट टाळून सिलिकेट ठेवलं. जपानी कंपन्यांना सिलिकेटचे कण पंपाच्या सीलला घासतात ही काळजी होती. म्हणून त्यांनी सिलिकेट काढलं आणि फॉस्फेट ठेवलं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या जपानी किंवा कोरियन वळणाच्या. त्यांचं फॉस्फेटवालं कूलंट आणून त्यात बोअरचं पाणी मिसळलं, तर जे युरोपला टाळायचं होतं तेच आपण घरी करतो.

रंगावर अजिबात जाऊ नका. हिरवा, निळा, गुलाबी, लाल, यांना कोणतंही जागतिक मानक नाही. डब्यावर मानकाचा क्रमांक शोधा. आपल्याकडचं आयएस ५७५९, जपानचं जेआयएस के २२३४, अमेरिकेचं एएसटीएम डी ३३०६. यातलं काहीच नसेल तर तो डबा परत ठेवा.

तनुजा_ठाणे

मृण्मयीताई, खूपच छान समजावलंत. दोन शंका. घरच्या आरओचं पाणी चालेल का? आणि एसीचं ठिबकणारं पाणी आम्ही इन्व्हर्टरच्या बॅटरीला वापरतो, तेही शुद्धच असतं ना?

मृण्मयी_रसायन

तनुजा, घरच्या आरओमध्ये चवीसाठी थोडे क्षार परत मिसळतात. बोअरच्या पाण्यापेक्षा ते कितीतरी बरं, पण डीएम वॉटर, म्हणजे क्षार काढलेलं पाणी, सहज मिळत असताना त्याची गरज नाही. बॅटरीसाठी पाच लिटरचे कॅन मिळतात तेच घे. फक्त कॅन नीट वाच, बॅटरीचं पाणी आणि बॅटरीचं आम्ल शेजारी-शेजारी ठेवलेलं असतं.

एसीच्या पाण्यात क्षार जवळपास नसतात हे खरं. पण ते कॉइलच्या तांबे-ॲल्युमिनियमवरून, धुळीतून आणि शेवाळलेल्या ट्रेमधून येतं. ॲल्युमिनियमच्या इंजिनात तांब्याचे अंश नकोतच. ते झाडांना घाल. बॅटरीलाही नको.

पुणेरी_डिझेल

माझी डस्टर आहे, १.५ लिटर डिझेल. या इंजिनात वॉटर पंप टायमिंग बेल्टवरच (व्हॉल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणाऱ्या पट्ट्यावर) चालतो. लॉजी, डिझेल मायक्रा, सनी, व्हेरिटो, सगळ्यांत तेच इंजिन. स्कोडा-फोक्सवॅगनच्या जुन्या १.९ टीडीआयमध्येही पंप टायमिंग बेल्टवर. पंप कव्हरच्या आत असल्यामुळे भोक बघायची सोयच नाही. अशा गाडीत काय करायचं? टायमिंग बेल्टबरोबर पंप बदला असं सगळे सांगतात, पण दोन बेल्टच्या मध्ये काय?

गॅरेज_मिरज

तुमच्या गाडीत हा विषय जास्त गंभीर आहे, कारण पंप जाम झाला किंवा पुली वाकडी झाली तर टायमिंग बेल्ट दात सोडतो आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात. मग हेड खोलावंच लागतं. गळणारं कूलंट बेल्टवर पडलं तरी बेल्टचं आयुष्य कमी होतं. म्हणून बेल्टबरोबर पंप, टेन्शनर आणि आयडलर (बेल्ट ताणणारं आणि वळवणारं चाक), तिन्ही बदलायचे. पंप चांगला दिसतोय म्हणून वाचवायला जाऊ नका, तेवढं सगळं खोलायची मजुरी पंपाच्या किमतीपेक्षा जास्त असते.

मध्ये लक्ष ठेवायचं ते पातळीवर. सकाळी थंड इंजिन, सपाट जागा, बाटलीवर मार्करने रेघ मारून तारीख लिहा. दर पंधरा दिवसांनी बघा. चांगल्या गाडीत वर्षभरात ती रेघ नावाला हलते. महिन्या-महिन्याला थोडं-थोडं घालावं लागत असेल तर ते कुठेतरी जातंय. नुसतं टॉप-अप करत राहणं हीच सगळ्यात मोठी चूक लोक करतात.

आणि पातळी उतरतेय पण बाहेर गळती नाही, असं असेल तर पंपावर ढकलू नका. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधलं सील) असू शकतं, डिझेलमध्ये ईजीआर कूलर (इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग) असू शकतो. हेड गॅस्केटसाठी एक निळं द्रव मिळतं, ते नळीत घालून रेडिएटरच्या तोंडावर धरायचं. पाण्यात जळका गॅस येत असेल तर ते पेट्रोल गाडीत पिवळं पडतं, डिझेलमध्ये हिरवट. इंजिन खोलायच्या आधी एवढं करून घ्या.

सह्यवाट (धागाकर्ता)

इंपेलरवरच्या खड्ड्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो. त्याचा संबंध झाकणाशी आहे, आणि झाकण हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे.

रेडिएटरच्या झाकणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. तो दाब. काही गाड्यांना हे झाकण रेडिएटरवर असतं, काहींना बाटलीवर. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशाला उकळतं. १.१ चं झाकण नीट धरत असेल तर तेच १२५च्या पुढे जातं. आता झाकणाचं रबर कडक झालंय, स्प्रिंग ढिली झालीय, दाब धरत नाही असं समजा. वर उंचीही आली. महाबळेश्वर साधारण १,३५० मीटरवर आहे, तिथे नुसतं पाणी उघड्यावर ९५-९६ अंशालाच उकळतं. घाट चढून आलेल्या इंजिनात हेडच्या आजूबाजूचं तापमान त्याहून बरंच जास्त असतं.

पंपाच्या आतल्या बाजूला, जिथे इंपेलर पाणी ओढतो, तिथे दाब मुळातच कमी असतो. तिथे वाफेचे बुडबुडे होतात आणि पुढे दाबाच्या जागी गेले की फुटतात. ते धातूच्या पृष्ठभागावर फुटले की सूक्ष्म खड्डा पडतो. असे असंख्य फुटले की पाती झिजतात. शिवाय सीलवर पाण्याऐवजी वाफ आली की तो पातळ थर तुटतो. म्हणजे दोन-चारशे रुपयांच्या झाकणामुळे पंपाचे इंपेलर आणि सील दोन्ही खराब होतात.

झाकण तपासायला गॅरेजमध्ये हातपंप आणि मीटर असतो. नसेल तर रबर बघा: चीर, कडकपणा, बसक्या जागेचा ठसा. एक साधी खूण सांगतो. इंजिन गार झाल्यावर वरचा जाड पाइप आत चेपलेला दिसला तर झाकणाचा छोटा व्हॉल्व्ह अडकलाय, बाटलीतलं पाणी परत ओढलं जात नाहीये. जुन्या गाडीला सरळ नवीन झाकण घ्या, त्याच आकड्याचं. जास्त आकड्याचं लावू नका, मग जुने पाइप आणि हीटरचा कोअर फुटतो.

आणि गरम असताना झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. दाबाखालचं पाणी १०० अंशाच्या वर असतं, झाकण सुटताच त्याची वाफ होऊन अंगावर येते.

कोकणवारा

मृण्मयीताई, पटलं. आता गाडी ॲल्युमिनियमचीच आहे, तेव्हा बदलूनच टाकतो. पण बदलायचं कसं? इथल्या मिस्त्रीने खालचा पाइप काढला, पाणी सोडलं, वरून तयार कूलंट ओतलं. झालं म्हणाला. पुरे का?

गॅरेज_मिरज

काका, पुरे नाही. रेडिएटर रिकामा केला तरी निम्म्याच्या आसपास जुनं पाणी ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये राहतं. आम्ही असं करतो.

इंजिन पूर्ण थंड. हीटर पूर्ण गरमवर, म्हणजे त्याचा कॉक असेल तर उघडतो. खालचा प्लग किंवा खालचा पाइप काढून सगळं सोडायचं, खाली परात ठेवून. मग नुसतं डीएम वॉटर भरायचं आणि इंजिन चालू ठेवायचं. वरचा पाइप हाताला गरम लागला म्हणजे थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर उघडणारी पाण्याची झडप) उघडला. थर्मोस्टॅट उघडल्याशिवाय ब्लॉकमधलं पाणी फिरत नाही, लोक इथेच घाई करतात. मग बंद करून गार होऊ द्यायचं. गार म्हणजे खरंच गार, गरम ब्लॉकमध्ये थंड पाणी ओतलं तर हेड वाकतं आणि पंपाच्या सीलची कडी तडकते. परत सोडायचं. स्वच्छ पाणी येईपर्यंत हेच.

आता हिशोबाचा भाग. समजा तुमच्या गाडीत एकूण चार लिटर बसतं. शेवटचं पाणी सोडलं तरी दोन लिटर आत राहिलं. वरून तुम्ही निम्मं-निम्मं असं तयार कूलंट दोन लिटर ओतलं, तर आत फक्त पंचवीस टक्के ग्लायकॉल झालं. गंजरोधकंही निम्मी. म्हणून धुतल्यानंतर घट्ट कूलंट घ्यायचं, म्हणजे न मिसळलेलं. दोन लिटर घट्ट ओतलं की बरोबर पन्नास टक्के झालं. एकूण क्षमता गाडीच्या पुस्तकात असते. तयार कूलंट वरून टॉप-अपला ठेवा.

मग हवा काढणं. गाडीचं तोंड चढावर, हीटर गरमवर, झाकण उघडं, इंजिन आयडलवर. वरचा पाइप हाताने हळूहळू दाबत राहायचं, बुडबुडे येतात. काही गाड्यांना थर्मोस्टॅटजवळ हवा काढायचा स्क्रू असतो, तो वापरा. हवेचा गोळा पंपात अडकला तर सील कोरडं फिरतं. पंप बदलल्यानंतर तर हे फार महत्त्वाचं. नवीन पंप बसवला आणि "आवाज बघू" म्हणून पाणी न भरता इंजिन मारलं, असं करणारे मिस्त्री आहेत. ते काही सेकंदच सील खराब करायला पुरतात.

मृण्मयी_रसायन

गॅरेजदादांचा हिशोब अगदी बरोबर. एक भर घालते. पन्नास टक्के हा सुरक्षित आकडा आहे, महाराष्ट्रात चाळीस चालतं. पण एक-तृतीयांशाच्या खाली जाऊ नका, गंजरोधकं पुरत नाहीत. वर साठच्या पुढेही जाऊ नका, कारण ग्लायकॉल पाण्याइतकी उष्णता वाहून नेत नाही. नुसतं घट्ट कूलंट भरलेली गाडी जास्त तापते.

बाजारात "एकाला तीन" किंवा त्याहून पातळ करायला सांगणारे स्वस्त डबे असतात. त्यात ग्लायकॉल किती ते लिहिलेलं नसेल तर रंगीत पाणीच समजा.

मोजायला रिफ्रॅक्टोमीटर मिळतो, फार महाग नाही. दोन थेंब काचेवर टाकून उजेडाकडे बघायचं, ग्लायकॉलचं प्रमाण दिसतं. आधी डीएम वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळवा. पण तो फक्त ग्लायकॉल दाखवतो, गंजरोधक शिल्लक आहेत की नाही ते दाखवत नाही. त्यासाठी पीएचची पट्टी थोडी मदत करते. अमेरिकी मानकात नवीन कूलंटचा पीएच ७.५ ते ११ च्या मध्ये असावा लागतो. तुमचा सातच्या खाली गेला असेल तर ते आजच काढा. सेंद्रिय प्रकारात पीएच ठीक दिसूनही आयुष्य संपलेलं असू शकतं, म्हणून तिथे वर्षांचाच हिशोब धरा.

कॅलगरीकर

इथे हिवाळ्यात उणे तीसपर्यंत पारा जातो, त्यामुळे पन्नास टक्के हा आकडा इथे प्रत्येकाला पाठ असतो. त्या मिश्रणाचा गोठणबिंदू उणे ३७च्या आसपास येतो. गंमत म्हणजे नुसतं ग्लायकॉल उणे तेरालाच गोठतं, पाणी मिसळल्यावरच ते खाली जातं. इथे सीलची गळती थंडीतच पहिल्यांदा दिसते. सकाळी गार इंजिनला थेंब, गरम झालं की बंद. लेह-स्पितीला गाडी नेणाऱ्यांनी निघायच्या आधी रिफ्रॅक्टोमीटरने बघून घ्यावं, पातळ कूलंटवर तिकडे रात्री गाडी उभी करू नये.

पुणेरी_डिझेल

आणखी एक विचारतो. आमच्या इथे एका गॅरेजवाल्याने मित्राच्या गाडीतला थर्मोस्टॅट काढून टाकला, "आपल्याकडे गरम हवा, त्याची गरज नाही" म्हणून. पंपाला ते बरं की वाईट?

गॅरेज_मिरज

वाईट. थर्मोस्टॅट काढला की इंजिन योग्य तापमानाला येतच नाही. पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल राहते, सिलिंडर लवकर झिजतात. काही इंजिनांत तर थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तो काढला की पाणी रेडिएटरला टाळून तिथूनच फिरतं, आणि घाटात गाडी आणखी तापते. मूळ दुखणं म्हणजे तुंबलेला रेडिएटर, ढिलं झाकण किंवा बंद पडलेला पंखा, ते तसंच राहतं. पंप बदलताना थर्मोस्टॅट नवीन टाका.

गळतीसाठी हळद टाकतात, बाजारची पावडर टाकतात, त्याबद्दलही सांगतो. रात्री कशेडी घाटात अडकलात आणि दुसरा इलाज नाही तर टाका, घरी पोहोचा. पण पुढच्या आठवड्यात सगळं धुऊन काढा. हीटरचा कोअर आणि रेडिएटरच्या नळ्या याने तुंबतात. पंपाच्या सीलची गळती याने टिकाऊ बंद होत नाही, ती फिरणारी जागा आहे.

तनुजा_ठाणे

सगळं वाचून पुढच्या रविवारी बाबांबरोबर आमच्या गाडीचं कूलंट बदलायचं ठरवलंय. काढलेलं जुनं पाणी बेसिनमध्ये ओतलं तर चालेल का?

मृण्मयी_रसायन

नाही, तनुजा. आणि हे सगळ्यांनीच नीट वाचा. इथिलीन ग्लायकॉल विषारी आहे आणि चवीला गोड. कुत्री-मांजरं ते आवडीने चाटतात. मांजरीला चमचाभर पुरेसं होतं. प्रौढ माणसालाही शंभर मिलिलीटरच्या आसपास जीवघेणं ठरू शकतं, मूत्रपिंडं निकामी होतात. सुरुवातीला नुसती गुंगी आल्यासारखं दिसतं, त्यामुळे वेळ हातातून जातो. कोणी प्यायल्याची नुसती शंका आली तरी डबा बरोबर घेऊन लगेच दवाखाना गाठा.

काम करताना परात उघडी सोडून चहाला जायचं नाही. जमिनीवर सांडलेलं भरपूर पाणी मारून, फडक्याने टिपून काढायचं. जुनं कूलंट घट्ट झाकणाच्या कॅनमध्ये भर, त्यावर मोठ्या अक्षरात लिही, आणि एखाद्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला विचार, बरेच जण वापरलेलं ऑइल आणि कूलंट वेगळं जमा करतात. ऑइलमध्ये मिसळू नकोस. गटारात, झाडांच्या मुळाशी, विहिरीजवळ कुठेही नाही. आणि कोल्ड्रिंकच्या बाटलीत भरून ठेवायचं तर अजिबातच नाही, घरात लहान मूल असो वा नसो.

कोकणवारा

हे माहीत नव्हतं. आमच्या अंगणात दोन वासरं असतात, मिस्त्रीला आधीच सांगून ठेवतो. आता शेवटचं, पंप घ्यायची वेळ आलीच तर बाजारातला घ्यावा की कंपनीचा? किमतीत दुप्पट फरक सांगतात.

गॅरेज_मिरज

काका, डबा नाही, पंप हातात घेऊन बघा. पुली फिरवा, एकसारखी फिरली पाहिजे, कुठे अडकायला नको आणि अगदी मोकळीही नको, सीलचा हलका अडसर लागतो. इंपेलर जुन्याशी लावून बघा: पात्यांची संख्या, उंची, वळण सारखं हवं. बॉडीचा बसण्याचा पृष्ठभाग सपाट आहे का, बोट फिरवून बघा. बाजारात खोट्या डब्यातला माल भरपूर आहे, म्हणून बिल देणाऱ्या दुकानातूनच घ्या. माझ्या मते सील आणि बेअरिंग ज्यात आहे त्या भागात पैसे वाचवू नयेत.

बसवताना जुनं गॅस्केट ब्लेडने खरवडताना ॲल्युमिनियमला ओरखडा जाऊ देऊ नका. सोबत गॅस्केट किंवा ओ-रिंग आली असेल तर तीच लावा. वर सिलिकॉनचा थर थापू नका, जास्तीचं सिलिकॉन आत सुटतं आणि रेडिएटरच्या नळीत जाऊन बसतं. बोल्ट समोरासमोरचे, थोडे-थोडे आवळा. पहिल्या दोनशे किलोमीटरनंतर सकाळी थंड इंजिनवर पातळी आणि ते भोक परत एकदा बघून घ्या.